'कमळ'ला टाळ्या किती? (मुलांची ध्वनीजाणीव, चाचणी आणि घरचा सराव)

शिंपले
बरेच दिवस नुसती वाचत होते इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक साडेपाच वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात शाळेत एक चाचणी झाली, कागदावर 'ध्वनीजाणीव' असं लिहिलंय, आणि तिला २० पैकी ९. खाली लाल पेनने 'वाचनपूर्व तयारी कमी, घरी सराव घ्यावा'. सराव कशाचा ते कोण सांगणार! मी कागद मागून घेतला आणि रात्री ती झोपल्यावर एकेक प्रश्न बघत बसले.

'कमळ, टाळ्या किती?' लेकीने दोन वाजवल्या. फुली. बरोबर उत्तर तीन. मी स्वतः मोठ्याने म्हणून पाहिलं, क-मळ, क-मळ, मला पण दोनच येतायत. नवऱ्याला विचारलं तर म्हणे तीन, क म ळ, दिसत नाही का. अहो दिसतायत की, पण टाळ्या दिसण्याच्या वाजवायच्या का ऐकण्याच्या?

आणखी एक प्रश्न, 'चाक आणि चेंडू, सुरुवात सारखी का वेगळी?' ती म्हणाली वेगळी. फुली.

'पान मधला प काढला तर काय उरेल?' ती म्हणाली 'न'. फुली, उत्तर 'आन' हवं होतं. हे बहुतेक खरंच चुकलं असावं.

मुलगी बडबडी आहे, गोष्टी रचून सांगते, वीसेक अक्षरं ओळखते पण शब्द लावून वाचता येत नाही अजून. तर काळजी करायची का, हे लोक नक्की मोजतात काय, आणि घरी मी काय करू?

रातकिडा
आधी नवऱ्याची चाचणी घ्या.

उच्चारवेल्हाळ
रातकिडा, हसू नका, नवऱ्याचं उत्तर या धाग्यातलं सगळ्यात कामाचं उत्तर आहे. :)

लिहितावाचता येणाऱ्या माणसाला शब्द ऐकू येत नाही, दिसतो. 'कमळ' आपण लिहितो तीन अक्षरांत पण बोलताना शेवटच्या ळ मधला 'अ' गळतो, म्हणजे तोंडातून बाहेर पडतं ते क-मळ्. तोंडाने दोन तुकडे, पाटीवर तीन. मगर, बदक, पुस्तक, खिडकी, चिमणी सगळ्यांची तीच गत. 'पुस्तक' तर आणखी गमतीचं, लिहिताना पु-स्त-क आणि बोलताना पुस्-तक, म्हणजे तुकडा पडतो तोच मुळी जोडाक्षराच्या मधोमध. तुमच्या मुलीला अजून वाचता येत नाही म्हणून ती कानाला जे आलं ते वाजवते. चाचणीचं नाव ध्वनीजाणीव असेल तर तिचं उत्तर बरोबर आहे, उत्तरपत्रिका चुकलीय.

चाक आणि चेंडू तर अन्यायच आहे. चाकातला च दातांपाशी, 'त्स'च्या अंगाने जाणारा, आणि चेंडूतला च टाळूचा. चारा आणि चार म्हणून पाहा, जीभ कुठे लागते ते कळेल. अक्षर एक, ध्वनी दोन. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थाने म्हणा आणि मग 'तू जग' असं म्हणा, तिथेही तेच. पोरीने बारीक फरक पकडला आणि तिला फुली मिळाली.

'पान'चं मात्र वेगळं आहे, त्यावर जाणकारांनी लिहावं.

मधुमालती२
रुमाल टाकून ठेवते. माझा पण पाचचा आहे.

स्वल्पविराम
मी वाचनात अडखळणाऱ्या मुलांबरोबर काम करते, चाचण्या घेणं हे रोजचंच. जरा लांबण लागेल, मोबाइलवरून टंकतेय.

पहिली गोष्ट, ध्वनीजाणीव ही एकच एक वस्तू नाही, तिच्या पायऱ्या आहेत. वाक्यात शब्द किती ते कळणं, शब्दाचे टाळ्यांचे तुकडे पाडणं, यमक ओळखणं (नाक, चाक, पाय यात वेगळं कोण), आणि सगळ्यात वरती सुटे ध्वनी, म्हणजे 'पान'मध्ये प् आ न् असे तीन आहेत हे जाणवणं. हे सगळं कानाने आणि तोंडाने, अक्षर समोर नसताना. खालच्या पायऱ्या बहुतेक मुलं न शिकवता चढतात, शेवटची पायरी बहुतेकांना शिकवावी लागते. इसाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा १९७४चा प्रयोग आहे, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना काठीने टेबलावर टकटक करून तुकडे मोजायला लावले होते. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना टाळीचे तुकडे जमले, सुटे ध्वनी मात्र एकालाही जमले नाहीत. पहिलीच्या शेवटाला तुकडे ९० टक्के मुलांना आणि सुटे ध्वनी ७० टक्के मुलांना. मधल्या काळात काय झालं होतं? ती वाचायला शिकत होती.

आता 'पान' मधून प काढल्यावर 'न'. ही चूक नाही म्हणणार नाही मी पण ही फार शहाणी चूक आहे. तिने 'पा' हे अख्खं अक्षर उचलून बाजूला ठेवलं. म्हणजे काढणं म्हणजे काय हे तिला कळलंय, लक्षात ठेवून उरलेलं सांगणंही जमलंय, फक्त तिचा तुकडा मोठा आहे. 'पान' असंच परत म्हणणारं मूल, 'झाड' म्हणणारं मूल आणि 'न' म्हणणारं मूल, तिघांनाही शून्यच मिळतो पण तिघांना उद्या शिकवायचं वेगवेगळं. म्हणून मी कागदावर बरोबर-चूक लिहितच नाही, मूल जे बोललं ते जसंच्या तसं लिहिते.

शिंपले, तिचे ९ कुठे कुठे आलेत ते सांगाल का? सारखं-वेगळं असे प्रश्न किती होते?

शिंपले
बघून सांगते. पहिले १० सारखं-वेगळं, त्यात ६. उरलेले १० टाळ्या, काढणे, जोडणे वगैरे, त्यात ३. जोडणे म्हणजे बाई 'बा... हु... ली' म्हणणार आणि हिने बाहुली म्हणायचं, ते तिन्ही बरोबर आहेत.

स्वल्पविराम
हां. मग पहिल्या दहांवरून काहीच म्हणता येत नाही. सारखं-वेगळं मध्ये डोळे मिटून बोललं तरी दहात पाच येतात. नाणं उडवणाऱ्याला सुद्धा दहात सहा किंवा जास्त मिळायची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे ६ म्हणजे तिला जमतंय असंही नाही आणि नाही असंही नाही. असे प्रश्न ठेवायचेच तर पुष्कळ हवेत, नाहीतर तीन चित्रांतून एक निवडायला सांगावं म्हणजे निव्वळ अंदाजाने तिनात एकच येईल.

आणि चित्रं ठेवाच. नुसतं तोंडी विचारलं की तीन शब्द डोक्यात धरून ठेवण्यातच मूल दमतं, मग आपण ध्वनीजाणीव मोजतोय का स्मरणशक्ती हेच कळत नाही. सुरुवातीला दोन-तीन सराव प्रश्न, तेही उत्तर सांगून समजावून. ओळीने चार-पाच चुकले की तो भाग थांबवायचा, उगाच पोराला रडवू नये. शेवटी एकदोन खोटे शब्द, 'मीब', 'ताप्लू' असे काहीतरी, म्हणजे ओळखीच्या शब्दाचा आधार राहत नाही. टाळ्यांसाठी शब्द घ्यायचे ते बोललेलं आणि लिहिलेलं जुळतं असे घ्या, गाडी, बाहुली, कोकिळा, तिथे भांडण नाही.

जुनापाढा
आयुष्यभर पहिली-दुसरीला शिकवलं, आता निवृत्त. इतकी वर्षं पोरं वाचायला शिकलीच ना? तेव्हा कुठे होती ही ध्वनीजाणीव? मुळाक्षरं, बाराखडी घोकून घेतली, रोज श्रुतलेखन, वर्षअखेर पोरगं धडा वाचायचं. आता साडेपाच वर्षांच्या लेकरावर लाल पेन. नवीन नाव दिलं की जुनी गोष्ट विकता येते एवढंच मला दिसतं.

खडूफळा
काका, मी सध्या पहिलीलाच शिकवतो त्यामुळे तुमच्याशी भांडायची हिंमत नाही :) पण एक विचारतो. तुमच्या वर्गात वर्षअखेर धडा न वाचणारी चारपाच पोरं असायचीच ना? बाराखडी त्यांनाही पाठ असायची. माझ्याकडे आत्ता एक आहे, क का कि की धडधड म्हणतो, मधेच थांबवून 'की' दाखवली तर परत क पासून सुरू करतो. त्याच्यासाठी ते गाणं आहे.

पण बाराखडीला मी नावं ठेवणार नाही, उलट एवढा सुंदर तक्ता कुठे मिळणार नाही. एका ओळीत व्यंजन तेच, फक्त स्वर बदलतो. उभ्या रांगेत स्वर तोच, फक्त व्यंजन बदलतं. म्हणजे सुट्या ध्वनींचा अख्खा हिशोब भिंतीवर टांगलेला असतो आणि आपण तो गाऊन घेतो. मी काय करतो, 'का' म्हणायला लावतो, मग 'की', आणि विचारतो काय बदललं, काय तेच राहिलं? तोंडाकडे बघा एकमेकांच्या. पहिल्या दिवशी सगळे गप्प. चौथ्या पाचव्या दिवशी एक मुलगी म्हणाली, 'सर मागचं तेच आहे, पुढचं तोंड हसलं.' ई म्हणताना ओठ ताणले जातात ते तिला हसणं वाटलं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात दीर्घ ईचं नाव हसरी.

जुनापाढा
हसरी आवडली. चारपाच पोरं असायची हे खरं. त्यांना आम्ही ढ म्हणायचो. त्याचं आता वाईट वाटतं.

उच्चारवेल्हाळ
काकांच्या मूळ मुद्द्यात तथ्य आहे मात्र. मोरेश आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना शब्दातला पहिला ध्वनी काढायला किंवा एखादा जोडायला सांगितलं, त्यांना ते जवळपास जमलं नाही. तशाच परिस्थितीतले पण मोठेपणी साक्षर झालेले लोक होते त्यांना बरंच जमलं. म्हणजे सुटा ध्वनी कानाला आपोआप सुचत नाही, अक्षरांशी झटापट केल्यावर सुचतो. १९८६ मध्ये चीनमध्येही तसंच दिसलं, फक्त चित्रलिपी शिकलेल्यांना ध्वनी सुटे करता येईनात आणि रोमन अक्षरांतली पिनयिन शिकलेल्यांना करता येत होते. तेव्हा 'आधी ध्वनीजाणीव पक्की, मग अक्षरं' असा क्रम लावून पोराला थांबवून ठेवणं काही बरोबर नाही, दोन्ही एकमेकांना ओढत पुढे जातात.

आपल्या लिप्यांचं आणखी एक. अक्षर म्हणजे ना सुटा ध्वनी ना पूर्ण टाळी, मधलंच काहीतरी. सोनाली नाग यांचं कन्नड शिकणाऱ्या मुलांवरचं काम २००७ मध्ये आलं, तिथे मोठ्या तुकड्यांची जाणीव लवकर येते आणि सुट्या ध्वनींची सावकाश, उशिरा, असं चित्र होतं. इंग्रजीसाठी बनवलेली चाचणी मराठीत उतरवायची, वयाचे आकडे पण तिकडचेच लावायचे आणि मग लाल पेन काढायचं हे त्यामुळे मला पटत नाही.

शिंपले
सगळ्यांचे खूप आभार, डोकं जरा शांत झालं. काल धीर करून घरी प्रयोग केला. कुठेतरी पाहिलं होतं तसे कागदावर तीन चौकोन काढले, तीन बटणं दिली, म्हटलं 'नाक' म्हण आणि जेवढे आवाज येतील तेवढी बटणं सरकव. तिने दोन सरकवली, ना, क. मी म्हटलं अजून एक राहिलं. तिने तिसरं बटण सरकवलं आणि म्हणाली 'हे शेंबडाचं'.

रातकिडा
धागा इथेच संपवा, याच्यापुढे काही नको.

स्वल्पविराम
शेंबडाचं बटण मी उद्यापासून वापरणार आहे.

ते चौकोन एल्कोनिन नावाच्या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जातात, साधन चांगलंच आहे, तुमची जागा फक्त चुकली. मराठीत सुट्या ध्वनींची सुरुवात शब्दाच्या शेवटाकडून करा. नाक, पान, बस, घर, यांच्या शेवटी आपण लिहितो अक्षर पण बोलतो नुसतं व्यंजन, तिथला अ गळलेला असतो (वरती उच्चारवेल्हाळ यांनी सांगितलंच आहे). म्हणजे लेकीच्या हातात सुटा ध्वनी आधीच आहे, तिने तो 'क' म्हणून वेगळा काढलासुद्धा! तर पहिले आठ-दहा दिवस फक्त शेवटचा. 'बस' मधलं शेवटचं खाऊन टाकलं तर काय राहिलं? ब. 'घर'? घ. मग 'पाय', 'मान', 'शीळ'. हे जमलं की मग 'मान'च्या पुढच्या टोकाला या. म ताणता येतो, मऽऽम्म्म्आऽऽन. स, श, न, ल हे असे ताणता येणारे आधी घ्या. प, ट, क ताणता येत नाहीत, फुटून जातात, ते मागाहून. तुमच्या चाचणीने नेमका 'प' आणि नेमका सुरुवातीचा विचारला, म्हणजे दोन्हीकडून अवघड.

आणि एक सवय मोडा, आपण सगळे 'क' म्हणताना क्अ म्हणतो. क अ आ न असं जोडायला दिलं तर मूल कआन म्हणणारच. व्यंजन शक्य तितकं तुटक म्हणा, नाही तर थेट 'का... न' असे दोनच तुकडे द्या, त्यानेही काम होतं.

वेळ म्हणाल तर पाच-सात मिनिटं, तीही खेळत, तिला कंटाळा यायच्या आधी थांबायचं.

गोगलगाय७
माझा प्रश्न थोडा वेगळा. मुलगा पाच पूर्ण, 'क' ला 'ट' म्हणतो, 'काका' ऐवजी 'टाटा'. चाचणीत 'काठी कशाने सुरू होते' ला 'ट' म्हणाला आणि शून्य. त्याला ऐकूच ट येतंय का म्हणायला ट येतंय?

स्वल्पविराम
हेच आधी शोधायचं आणि ते सोपं आहे. काडी आणि टाचणी अशी दोन चित्रं ठेवा, त्याने काही बोलायचं नाही, तुम्ही फक्त 'क् ने सुरू होणारं दाखव' म्हणा, दहा-बारा वेळा वेगवेगळ्या जोड्या घेऊन. बोटाने बरोबर दाखवत असेल तर कान ठीक, अडचण जिभेची. म्हणून तोंडाने उत्तर द्यायला लावणारी चाचणी अशा मुलांना अन्यायाची असते. तरीही पाच पूर्ण झाल्यावर क चा ट राहिला असेल तर उच्चारासाठी स्पीच थेरपिस्टना दाखवाच, थांबू नका.

आणि कुठलंही मूल ध्वनींच्या खेळात फारच मागे वाटलं तर सगळ्यात आधी कानाची तपासणी करून घ्या. कानात पाणी साठून महिनोन् महिने कमी ऐकू येत असतं आणि घरच्यांना वाटतं लक्ष देत नाही. माझ्याकडे आलेल्या एकाला सहा महिने मी यमकं शिकवत होते, नंतर कळलं त्याला पलीकडून हाक मारलेली ऐकूच जात नव्हती. तेव्हापासून कानाचा कागद पाहिल्याशिवाय मी चाचणीची वही उघडत नाही.

मधुमालती२
रुमाल उचलला :) आमच्या इथे सांगतात की अक्षरं अजिबात दाखवू नका, पूर्ण तोंडी करा, अंधारात सुद्धा करता आलं पाहिजे, नाहीतर ती ध्वनीजाणीव नाहीच. वीस मिनिटं रोज, दोन वर्षं. मुलगा वैतागलाय. काय करू?

उच्चारवेल्हाळ
अंधारात करता येतं हे खरं. अंधारातच करायचं असं कोणी सांगितलं? :)

ब्रॅडली आणि ब्रायंट यांचा १९८३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास आहे. ६५ मुलं, चार गट, दोन वर्षांत ४० बैठका. एका गटाने चित्रं ध्वनीवरून लावली, दुसऱ्याने तेच केलं पण सोबत प्लास्टिकची अक्षरंही हाताळली, तिसऱ्याने अर्थावरून लावली (प्राणी एकीकडे, फर्निचर एकीकडे असं), चौथ्याला काहीच नाही. वाचनात आणि स्पेलिंगमध्ये सगळ्यात पुढे गेला तो ध्वनी अधिक अक्षरं वाला गट. २००० साली अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनलने ५२ अभ्यास एकत्र पाहिले, तिथेही अक्षरांसोबत केलेलं शिकवणं जास्त उपयोगी ठरलं, लहान गटात केलेलं जास्त उपयोगी, आणि एकूण ५ ते १८ तासांचे कार्यक्रम त्याहून लांबलेल्यांपेक्षा चांगले. तास म्हणतोय, वर्षं नाही. तुमचं रोज वीस मिनिटं दोन वर्षं म्हणजे हिशोब करा किती होतात.

खडूफळा
पण डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर अक्षरं न दाखवताच केलं होतं ना? आम्हाला प्रशिक्षणात तेच सांगितलं, आठ महिने नुसते ध्वनींचे खेळ आणि पुढे वाचनात फायदा दिसला.

उच्चारवेल्हाळ
बरोबर, लुंडबर्ग, फ्रॉस्ट, पेटरसन, १९८८. फायदा दिसला. त्यावरून इतकंच म्हणता येतं की अक्षरांशिवायही होऊ शकतं, आणि ती मुलं अक्षरं शिकण्याच्या आधीच्या वर्गात होती. मधुमालतींच्या मुलाला अक्षरं येत असतील तर ती लपवून ठेवायचं कारण त्यातून निघत नाही. 'मान' म्हणायचं, म् ऐकायचा, म चा ठोकळा ठेवायचा. मग म काढून का नाही क ठेवत, झालं कान. एकाच खेळात कान, तोंड, डोळे तिन्ही कामाला लागले.

मधुमालती२
अक्षरं येतात त्याला, ठोकळे पण आहेत, कपाटात वर ठेवायला सांगितले होते! आज काढते.

टेकडीवरची_वाट
चाळीस मुलांच्या वर्गात हे सगळं कसं करायचं ते कोणी लिहा ना. एकेकाची चाचणी घ्यायला बसले तर बाकीचे एकूणचाळीस छप्पर उचलतील.

खडूफळा
आमच्या वर्गात बेचाळीस आहेत त्यामुळे अधिकाराने लिहितो. सगळ्यांची पूर्ण चाचणी घेत नाही. आधी हजेरीच्या वेळी खेळ, 'ज्याच्या नावाच्या शेवटी श् ऐकू येतो त्याने उभं राहा'. महेश उठतो, आकाश उठतो. परवा आशा पण उठली, सगळा वर्ग तिच्यावर ओरडला, तुझा श मधे आहे, शेवटी आ आहे! 'शेवटी आ आहे' हे मी कधी शिकवलं नव्हतं हो. असं आठवडाभर चाललं की कोण दुसऱ्याकडे बघून उठतो ते कळतं, तेवढ्यांची नावं वहीच्या मागे लिहितो. सात-आठ जण निघतात. त्यांनाच एकेकटं घेऊन बसतो, बाकीचे चित्र काढत असतात तेव्हा, पाच मिनिटं पुरतात. मग चौघाचौघांचे दोन गट, आठवड्यातून तीनदा. महिन्याने परत तेच प्रश्न वेगळ्या शब्दांनी. शिकवल्यावर जो भराभर सरकला त्याला फक्त कोणी खेळवलं नव्हतं, जो शिकवूनही जागचा हलला नाही त्याच्याकडे नीट बघायचं. मला तरी एका दिवसाच्या मार्कांपेक्षा हे महिन्याभराचं सरकणं जास्त सांगून जातं.

शब्दांच्या भेंड्या खेळवणाऱ्यांना एक सूचना, आपण नेहमी शेवटच्या अक्षरावरून खेळतो, 'गाडी'वरून 'डी'. थोडी मोठी मुलं असतील तर शेवटच्या ध्वनीवरून खेळा, गाडी वरून ई, ईवरून 'ईडलिंबू' वगैरे शोधताना मोठ्यांचीही दांडी उडते.

टेकडीवरची_वाट
हजेरीचा खेळ उद्याच. धन्यवाद सर.

जुनापाढा
आमच्या वेळी हजेरीला 'उपस्थित' म्हणायचे, एवढंच.

शिंपले
धागा वर काढतेय, दीड महिना झाला.

शाळेत जाऊन बाईंना भेटले. भांडायला नाही, नुसतं म्हटलं तुम्हीच जरा कमळ म्हणून टाळ्या वाजवता का. त्यांनी वाजवल्या, दोन. परत वाजवल्या, परत दोन. मग म्हणाल्या मला तो कागद वरून आलाय हो, मी फक्त उत्तरं जुळवली. पण त्यांनी लेकीच्या कागदावर 'कमळ' आणि 'चाक' खोडून बरोबर केलं आणि ती लाल ओळ पण काढून टाकली. ९ चे ११ झाले, त्याने काय होतंय म्हणा.

घरी शेवटच्या ध्वनीपासून सुरू केलं. पहिले चार दिवस 'बस'मधलं शेवटचं काढलं की ती 'ड्रायव्हर' म्हणायची. मग एकदम जमलं. 'मान' ला तीन बटणं तिसऱ्या आठवड्यात. 'पान' मधला प् मी मुद्दाम विचारला नाही, परवा तिनेच बाथरूममधून ओरडून सांगितलं 'आई पान मधून प् गेला की आन, आन म्हणजे काहीच नाही'. आता शब्द लावते थोडेथोडे, सावकाश, म वर अडून बसते मग पुढे सरकते. खालचं तिने काल स्वतःहून लिहिलं, भिंतीवरच्या चित्राखाली:

घणटा
सुरय
पवरत

हे दुरुस्त करू का तसंच ठेवू?

स्वल्पविराम
काय सुंदर लिहिलंय! घंटेतला टिंब म्हणजे नक्की कुठला आवाज हे आपल्याला विचार करून सांगावं लागतं, तिने थेट ण ऐकून लिहिला. 'सुरय' मध्ये र् य् दोन्ही पकडलेत, जोडायचं कसं ते अजून माहीत नाही, कोणी सांगितलंच नाही तर कसं असणार. पहिले दोन शब्द कौतुकाने वाचून दाखवा, तुमच्या वहीत खाली नीट लिहून ठेवा, तिचं खोडू नका. 'पवरत'कडे मात्र बघा, तिथे र आणि व ची अदलाबदल झालीय. रफार डोक्यावर बसतो व च्या पण ऐकू येतो व च्या आधी, त्यामुळे तिने हा शब्द कुठेतरी पाहून लक्षात ठेवला असेल आणि डोळ्याने लिहिला असेल. तिला 'पर्... वत' असं हळू म्हणायला लावा आणि विचारा आधी कोण आलं.

शिंपले
हो! भिंतीवर तक्ता आहे, पर्वत त्यावर आहे. विचारलं आत्ता. 'र आधी आला पण तो उडी मारून व च्या डोक्यावर बसला' असं उत्तर मिळालं.

आणि आता एक प्रश्न तिच्याकडून, मला नाही आला म्हणून इथे विचारतेय. 'ज्ञ'ला बटणं किती?

उच्चारवेल्हाळ
आपण मराठीत म्हणतो तसं म्हणा, द् न् य् अ. चार.

रातकिडा
नवरा काय म्हणतो?

शिंपले
एक. म्हणे दिसत नाही का.